झटक्याची तार की करवंदीचं कुंपण?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात भात करायचं तर राखण आलीच. दाणा भरू लागला की रानडुकरं येतात, भीमगड अभयारण्याच्या अंगाला गवे. माळ्यावर बसून डबे वाजवायचं माझं वय गेलं, म्हणून आधी सौर झटक्याची तार ओढली, म्हणजे सौर मशीनवर थांबून थांबून झटका देणारं तारेचं कुंपण. पाच वर्षांनी दोन बाजूंना करवंद आणि सागरगोटा ही काटेरी झुडपं लावली. दोन्ही अजून उभी आहेत.

तार पहिल्या रात्रीपासून काम करते, हे कबूल. धक्का क्षणभराचा, जनावर दचकतं, मरत नाही. (लाईनची वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात गव्याआधी शेजारी जायचा.) करवंदीच्या कुंपणाला मात्र तीन पावसाळे गेले. करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं, ठेवलं की उगवत नाही. दुसऱ्या वर्षी तर डुकरं रोपं तुडवत सरळ आत आली. घरच्यांनी काय काय ऐकवलं, ते राहू दे.

तारेवरून माझं मन उडालं ते गवतामुळे. आषाढात आठ दिवसांत गवत खालच्या तारेला टेकतं. ओलं पातं लागलं की झटका जमिनीत उतरतो आणि मशीन आपलं टिकटिकत राहतं. रोप लावणीच्या घाईत बांधावर विळा घेऊन बसणार कोण? सगळे करतात तसं मीही तणनाशक मारलं. दोन पावसाळ्यांत बांध उघडा पडला, मुळं धरायला नाहीत म्हणून कड ढासळली. रात्री बॅटरी मारली तर कुर्ल्या दिसेनात, बेडकांचा आवाजही विरळ. सगळा दोष औषधाचाच असं नाही म्हणत, पण करवंदीकडच्या बांधावर दोन्ही होते.

त्या कुंपणात आता मुनियांची घरटी आहेत, एक मुंगूस आहे. उंदीर होतात, तशा धामणीही येतात. कडेच्या दोन ओळी सावलीनं बारक्या राहतात, तेवढं सोसावं लागतं.

गव्यानं मनात आणलं तर करवंद त्याला अडवत नाही, म्हणून जंगलाकडची तार मी काढलेली नाही. एकच बाजू उरल्यानं तिथलं गवत विळ्यानं उरकतं. तुमचं शेत रानाला लागून असेल आणि यंदाचंच पीक वाचवायचं असेल, तर तार घ्या. पण त्याच जूनमध्ये तिच्या आतून, थोडं अंतर सोडून, करवंद पेरा. बी हवं असेल तर मे महिन्यात आमच्याकडे या.