मिक्स कलर चेरी श्रिंप : वर्षभरानंतर टँकमध्ये काय उरलं

चेरी श्रिंप म्हणजे टँकमध्ये पाळायची गोड्या पाण्यातली छोटी, रंगीत कोळंबी. त्यांचा मिक्स कलर पॅक घेऊन वर्ष होत आलं. लाल, निळे, पिवळे, केशरी असे सगळे एकाच पिशवीत, आणि एकरंगी पॅकपेक्षा स्वस्त. जाहिरातीत लिहिलं होतं : सांभाळायला सोपे, भराभर वाढणारे, रंगीबेरंगी. पहिले दोन दावे अगदी खरे. तिसरा पहिल्या पिढीपुरताच.

आधी चांगलं सांगतो. दोन फुटी टँक, स्पंज फिल्टर, जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) आणि जंगली बदामाचं वाळलेलं पान, एवढ्यावर भागतं. क्रिस्टल रेड ही दुसरी, नाजूक श्रिंप पाळायची तर आरओचं पाणी, त्यात मोजून क्षार आणि सहा-साडेसहाचा पीएच सांभाळत बसावं लागतं. हे चेरी मात्र क्लोरीन काढलेल्या नळाच्या पाण्यात, सातच्या आसपासच्या पीएचला, मजेत राहतात. मे महिन्यात पाणी तिशीला टेकलं की सुस्तावतात. पाण्यावर वारा लागेल असा छोटा पंखा लावला की दोनेक अंश उतरतं. तांबं असलेलं माशांचं औषध मात्र चुकूनही टाकू नका. (घरी येणारा प्रत्येक पाहुणा ‘यांचं कालवण होतं का?’ विचारतो. इंचभराच्या जिवाचं काय होणार!)

पैदाशीसाठी काही करावं लागत नाही. मादीने कात टाकली की नर टँकभर सैरावैरा पोहत सुटतात. मग तिच्या शेपटाखाली वीस-तीस अंडी दिसतात आणि मादी ती अंडी पायांनी सतत हलवत असते. तीन-चार आठवडे जातात. अंड्यात काळे डोळे दिसू लागले की पिल्लं आलीच म्हणायचं. दोनेक मिलिमीटरची, पण रूपाने हुबेहूब आईसारखी. अमानो या दुसऱ्या जातीच्या श्रिंपच्या अळ्यांना खारट पाणी लागतं, यांना तीही कटकट नाही.

गोम पुढेच आहे. रंग कितीही असले तरी जात एकच, निओकॅरिडिना डेविडी. त्यामुळे लाल नर निळ्या मादीशी बिनदिक्कत जुळतो. आणि लाल-निळ्याचं जांभळं व्हायला ही काही रंगपेटी नाही. मूळ रानटी श्रिंप मातकट, अर्धपारदर्शक. त्यातून एकेक रंग लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून काढलेला. दोन वेगळे रंग एकत्र आले की एकाकडे नसलेला मूळ जनुक बऱ्याचदा दुसऱ्याकडून मिळतो आणि पिल्लू पुन्हा रानटी दिसतं. माझ्याकडे दिवाळीत रंगांची उधळण होती, होळीपर्यंत निम्मा टँक चहाच्या रंगाचा. काहींच्या पाठीवर फिकट पट्टा, अंगावर तपकिरी ठिपके, बाकी आरपार. मूळचे रंगीत वर्ष-दीड वर्ष जगतात, त्यामुळे ते हळूहळू कमीच होणार.

निवड करून बघितली. तपकिरी सगळे दुसऱ्या टँकमध्ये हलवले, लाल तेवढे ठेवले. पण लाल दिसणाऱ्याच्या जनुकांतही मिश्रण असतंच. पुढच्या पिढीत पुन्हा तपकिरी निघाले. तेव्हा हा नाद सोडला आणि एका दुकानातून फक्त पिवळे आणले, वेगळ्या टँकसाठी. त्यातली एक मादी अंड्यांसकट होती, मी खूश. पिल्लं मोठी झाली तर बरीचशी मातकट! दुकानात सगळे रंग एकाच टँकमध्ये होते, ‘प्युअर लाइन’ (म्हणजे एकाच रंगाची शुद्ध पैदास) फक्त पाटीवर. म्हणून अंडी धरलेली मादी दिसली की आधी विचारा, ती कोणाबरोबर ठेवली होती. आपल्याच एका टँकमधलं मॉस किंवा जाळी दुसऱ्यात टाकतानाही नीट धुवा. मॉसमध्ये अडकलेलं पिल्लू डोळ्यांना दिसतही नाही.

मिक्स पॅकला माझ्याकडून पाचपैकी दोन, एकरंगी चेरीला चार. तपकिरी श्रिंप शेवाळ तितकंच साफ करतात, त्यामुळे फुकट घेणारे मित्र मिळतात. तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नका. जर्मनीत वीजकेंद्राच्या गरम पाण्याने कोमट राहणाऱ्या गिलबाख ओढ्यात हेच श्रिंप वस्ती करून बसलेत, आणि आपल्याकडचं पाणी तर मुळातच कोमट.

दोन तऱ्हेचे श्रिंप एकाच टँकमध्ये हवेच असतील, तर एका रंगाच्या चेरीबरोबर अमानो ठेवा. त्यांचा आपसात संकर होत नाही.