वाहत्या पाण्यातला गळ: अलार्म बरा की घुंगरू?

कराडला प्रीतिसंगमाच्या खाली कृष्णा वरून शांत दिसते, पण तळाशी तिची ओढ जबर असते. त्यात कोयनेच्या पायथा वीजगृहातून पाणी सोडलेलं असेल, तर सकाळी जागच्या जागी बसलेलं गळाचं शिसं दुपारी घसरत काठाला येतं. अशा पाण्यासाठी नवी मांडणी घेणाऱ्यांपुढे साधारण दोन पर्याय असतात. मी दोन्ही वापरले आहेत.

पहिल्यात बेटरनर रीळ (मासा आमिष घेऊन पळाला तर दोरा सैल सुटू देणारं), आडवा ठेवलेला रॉड आणि दोरा ओढला की चाक फिरून वाजणारा इलेक्ट्रॉनिक अलार्म. दुसऱ्यात साधं स्पिनिंग रीळ, उभा रॉड आणि टोकाला घुंगरू.

उजनीच्या फुगवट्याला अलार्मला तोड नाही. पाणी स्थिर, दोरा ताठ. रात्री रोहूने कणकेचा गोळा उचलला की पहिल्या वितीलाच आवाज येतो. तुमची बैठक तिथलीच असेल तर बिनधास्त अलार्म घ्या.

नदीत मात्र मला त्याने फार छळलं. रॉड आडवा असला की सगळा दोरा पाण्यात राहतो. प्रवाह त्याला झोळ पाडतो, तो झोळ थरथरतो आणि अलार्मचं चाक मागेपुढे फिरत राहतं. त्यात जलपर्णीचा एखादा तुकडा अडकला की सलग आवाज सुरू. संवेदनशीलता कमी केली तर मृगळाची हळुवार ओढ कळेनाशी होते. एका संध्याकाळी मी किती वेळा उठलो ते मोजलं नाही, पण शेवटी उठायचंच सोडलं. पुन्हा आवाज आला, जलपर्णी असेल म्हणून बसून राहिलो. पाहिलं तेव्हा अर्धं स्पूल रिकामं झालं होतं आणि दोरा कातळाच्या कपारीला घासत होता. हातात घेताच तुटला. तो मासा केवढा होता कोण जाणे, पण माझा निर्णय त्या संध्याकाळीच झाला.

उभ्या रॉडमुळे बराचसा दोरा पाण्याबाहेर राहतो. प्रवाहाने टोक थोडं वाकतं आणि वाकलेलंच राहतं. नजरेला त्या बाकाची सवय होते, मग मासा लागल्यावरचा फरक लगेच जाणवतो. कधी टोक दोन हिसके देऊन खाली जातं. कधी उलट होतं: मासा शिसं उचलून काठाकडे येतो, टोक एकदम सरळ होतं आणि घुंगरू एकदाच वाजतं. ही सैल पडण्याची खूण अलार्मवर माझ्याकडून बऱ्याचदा निसटायची. वाऱ्यात घुंगरूही उगाच वाजतं, हे खरं. पण तेव्हा टोकाकडे पाहिलं की शंका फिटते.

रिळाच्या बाबतीत मात्र मी पहिल्या मांडणीकडे झुकतो. साध्या रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना लागणारा ब्रेक, घट्ट ठेवला तर मोठा मासा रॉडसकट स्टँड ओढतो. सैल ठेवला तर हिसका देताना तो आवळायचं राहून जातं. बेटरनरला हँडल फिरवलं की मुख्य ड्रॅग आपोआप लागतो. थोडा जड आणि महाग पडतो, तरी मला पटला. म्हणून आता माझ्याकडे बेटरनर आणि घुंगरू अशी जोडी आहे. मला विचाराल तर नदीसाठी हीच घ्या. तुमच्या घाटावर कदाचित वेगळा अनुभव येईल.

लावताना एक करा. आमिष टाकून शिसं बसलं की बेटरनरचा ताण स्पूल प्रवाहाने आपणहून फिरेल इतका सैल करा, मग तो थांबेपर्यंत आवळा आणि त्यावर किंचित आणखी. दोरा विणलेला (ब्रेडेड), बारीक. कातळासाठी पुढचे दोन वाव तंगूस. पाणी वाढलं की ताण पुन्हा बघा. विसर्गाचा भोंगा झाला तर आधी रॉड गुंडाळून वर या.