लिफ्ट केलेल्या ग्लॅडिएटरवर स्टेअरिंग स्टॅबिलायझर: १४ महिने, १६ हजार मैल

डेन्व्हरजवळ राहतो, गाडी जीप ग्लॅडिएटर, साडेतीन इंच लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केलेलं) आणि ३५ इंची टायर. आत्ताचा स्टॅबिलायझर, म्हणजे स्टेअरिंगला बसणारे झटके अडवणारा डॅम्पर, लावून १४ महिने झाले, साधारण १६ हजार मैल, त्यात दोन हिवाळे आणि युटाच्या तीन ट्रिपा आल्या. इकडच्या आपल्या ओळखीतल्या तिघा-चौघांनी विचारलं घ्यावा का म्हणून, तर एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी उत्तर. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल) आहे, टायर मोठे आहेत आणि कच्च्या रस्त्यावर खरंच जाता, तर घ्या, पैसे वसूल होतात. पण हायवेला स्टेअरिंग थडथडतंय म्हणून घेत असाल तर कृपा करून थांबा, आधी गाडी नीट करा. हे मी अनुभवाने सांगतोय, आणि तो अनुभव कुणाला येऊ नये असं मनापासून वाटतं.

झालं असं की लिफ्ट करून घेतल्यावर दोन महिन्यांनी आय-७० वर आयझेनहॉवर टनेलनंतर खाली उतरताना, ताशी ६० मैलांचा स्पीड असेल, एका पुलाच्या जॉइंटवरून पुढचं चाक गेलं आणि स्टेअरिंग हातातून सुटतंय की काय असं हलायला लागलं. थरथर नाही हो, अख्खा पुढचा भाग डावीउजवीकडे आपटत होता, डॅशबोर्डवरचा फोन खाली पडला, बायको शेजारी, मुलगा मागे. ब्रेक जोरात मारला नाही, हळूहळू स्पीड कमी करत शोल्डरला घेतली, ३०च्या खाली आल्यावर थांबलं. याला इकडे डेथ वॉबल म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे. ज्या गॅरेजने लिफ्ट बसवली होती त्यांनी गाडी वर घेऊन बघितलीसुद्धा नाही, स्टॅबिलायझर बदला म्हणाले, आणि ९० डॉलरचा एक लावून दिला.

तीन आठवडे गाडी लोण्यासारखी. मग त्याच पुलावर परत तेच.

तेव्हा मात्र मी स्वतः गाडीखाली शिरलो. इंजिन चालू, चाकं जमिनीवर, बायकोला सांगितलं स्टेअरिंग घड्याळातल्या दहापासून दोनपर्यंत भराभर हलव, आणि मी एकेका जॉइंटवर हात ठेवून बघत गेलो. (ही पद्धत मी लहानपणी कोल्हापूरला मामाच्या महिंद्रा एमएम ५४० जीपखाली मिस्त्रींना करताना पाहिली होती, तेही असंच हात ठेवून कुठे ढिलं आहे ते सांगायचे.) टाय रॉडची (दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा दांडा) टोकं ठीक, ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) ठीक, आणि ट्रॅक बारच्या अ‍ॅक्सलकडच्या बोल्टवर बोट ठेवलं तर बोल्ट भोकात टक टक हलत होता, बोटाला स्पष्ट लागत होता. ट्रॅक बार म्हणजे अ‍ॅक्सल आडवा सरकू नये म्हणून फ्रेमपासून अ‍ॅक्सलपर्यंत येणारा तिरका दांडा. तो बोल्ट नीट आवळलाच नव्हता, आणि हलून हलून ब्रॅकेटचं भोक लांबट झालं होतं.

मग दुसऱ्या ठिकाणी ब्रॅकेटवर जाड वॉशर वेल्ड करून घेतला, नवा बोल्ट, टॉर्क रेंचने आवळला. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरही कमी दिसत होता, लिफ्ट केली की तो कमी होतोच. सायकलचा पुढचा फोर्क वरून मागे कललेला असतो ना, त्यामुळे हात सैल सोडला तरी सायकल सरळ जाते, तोच हा कॅस्टर. अ‍ॅडजस्टेबल लोअर कंट्रोल आर्म (अ‍ॅक्सलला फ्रेमशी जोडणारे खालचे दांडे, लांबी बदलता येणारे) टाकून तो ३.९ वरून ५.६ डिग्रीवर आणला आणि चारही टायर परत बॅलन्स केले.

आणि यानंतर केलेली गोष्ट सगळ्यांनी करावी असं माझं म्हणणं आहे. स्टॅबिलायझर पूर्ण काढून ठेवला आणि दोन आठवडे तशीच चालवली, आधी घराजवळ कमी स्पीडने, मग हायवे, मग तोच पूल. काही झालं नाही. म्हणजे गाडी नीट झाली. स्टॅबिलायझर काढल्यावर जी गाडी सरळ चालत नाही तिच्यात काहीतरी झिजलंय किंवा ढिलं आहे, आणि नवा डॅम्पर फक्त ते झाकतो, तोवर ते झिजतच राहतं.

मग लावलाच कशाला? कारण त्याचं काम वेगळं आहे. हा आडवा बसवलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बरच आहे, माझ्या गाडीत एक टोक अ‍ॅक्सलवर आणि दुसरं टाय रॉडवर. हळू वळवलं तर विरोध जवळजवळ नाही, झटका आला की अडवतो. कंपनी एक देतेच, पण तो कंपनीच्या टायरच्या हिशोबाने. माझा एकेक टायर ७० पौंडांच्या आसपास, वर रिम बाहेर काढलेली, त्यामुळे दगडावर चाक गेलं की झटका सरळ मनगटात येतो. आणि डॅम्परने काहीच फरक पडत नाही असंही नाही, जीपच्याच रँग्लरला थंडीत थरथर व्हायची तेव्हा २०१९मध्ये जीपनेच नवीन प्रकारचा डॅम्पर बदलून दिला होता.

तो ९० डॉलरवाला गॅसने भरलेला होता, गॅस शाफ्टला सतत बाहेर ढकलतो, त्यामुळे हात सैल सोडला की गाडी हळूच डावीकडे जायची. म्हणून या वेळी फॉक्सचा थ्रू-शाफ्ट घेतला, यात शाफ्ट दोन्ही बाजूंनी आरपार असतो त्यामुळे ढकलणं नाही. दोनशे डॉलरच्या वर गेला, पण स्टेअरिंग मधोमध राहतं आणि हे मला रोज जाणवतं.

खरा फरक कळला तो युटात, एस्कलांटेजवळच्या होल-इन-द-रॉक रोडवर. ५०-६० मैल कच्चा रस्ता, आणि बराचसा वॉशबोर्ड, म्हणजे पत्र्याच्या पन्हाळीसारखा. पहिल्यांदा गेलो तेव्हा कंपनीचा डॅम्पर होता, डेव्हिल्स गार्डनपर्यंत १२ मैलांतच बोटांना मुंग्या आल्या होत्या, अंगठा स्टेअरिंगच्या आत ठेवायची भीती वाटत होती. गेल्या ऑक्टोबरला हा लावून गेलो, टायर दोन्ही वेळेला १८ पीएसआयवरच. खड्डे तेच, आवाज तोच, पण स्टेअरिंग दोन बोटांत धरता येत होतं आणि संध्याकाळी तंबू लावताना हात दुखत नव्हते. तरी एक सांगतो, हवा कमी करण्याने जेवढा फरक पडतो तेवढा याने नाही. ते फुकट आहे, ते आधी करा.

तोटे आहेत. जानेवारीत उणे १८ डिग्रीला सकाळी पहिले एक-दोन मैल स्टेअरिंग जड लागतं, तेल घट्ट होतं. पार्किंगमध्ये वळवून सोडलं की चाक सरळ यायला आधीपेक्षा वेळ लागतो. बसवताना क्लॅम्पची जागा नीट बघा, माझा टाय रॉड कंपनीचा नाही, बाहेरून घेतलेला जाड आहे, म्हणून क्लॅम्प लागला, तो आधी इंचभर चुकला होता आणि पूर्ण डावीकडे वळवल्यावर स्टेअरिंग स्टॉपच्या आधी डॅम्परच टेकत होता. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून दोन्हीकडे शाफ्ट थोडा उरतोय ना ते वाकून बघायचं, आणि ५०० मैलांनी बोल्ट परत आवळायचे.

दोन-दोन लावतात ते मला पटत नाही, ३५च्या टायरला एक पुरतो आणि दोन लावले की रस्त्याचं काहीच हाताला कळत नाही. टाकोमा किंवा एफ-१५०वाले विचारत होते, तुमच्याकडे पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक वेगळं हलतं), ट्रॅक बारच नाही, तुम्ही हे पैसे चांगल्या टायरमध्ये घाला.

परवाच खाली जाऊन बघितलं, शाफ्टवर दगडाचे दोन बारीक ओरखडे आहेत पण सीलजवळ कपडा फिरवला तर कोरडा निघाला, नुसती लाल माती. उन्हाळ्यात बॉल जॉइंट बदलायचेत, तेव्हा परत काढून आठवडाभर चालवून बघणार आहे.