ब्लॉगसाठी ह्यूगो: बरीच वर्षं वापरल्यावर

माझा आधीचा ब्लॉग ज्या सेवेवर होता ती बंद पडली तेव्हा एक्स्पोर्ट म्हणून हातात आली एक भलीमोठी एक्सएमएल फाईल, त्यात माझं लिखाण कमी आणि डिव्ह-स्पॅन असल्या एचटीएमएल टॅगांचा कचराच जास्त. एकेक पोस्ट वेगळी काढून पॅनडॉक या फॉरमॅट बदलणाऱ्या टूलने मार्कडाउन (साध्या मजकुरातच चिन्हांनी मांडणी दाखवायची पद्धत) करण्यात तीन वीकेंड गेले. तेव्हापासून ह्यूगो, म्हणजे अशा मार्कडाउन फाईलींपासून आख्खी साइट बनवून देणारं सॉफ्टवेअर, वापरतोय, आणि कुणी विचारलं तर बिनधास्त घ्या म्हणून सांगतो.

२०१३ पासूनचं, गो भाषेतलं, ओपन सोर्स. एकच बायनरी (तयार प्रोग्रॅमची फाईल) उतरवायची नि पाथमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर कमांड शोधतो त्या फोल्डरमध्ये, टाकायची की झालं, जेकिल या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरसारखं रूबी भाषा आणि तिच्या जेम्सच्या (पॅकेजेसच्या) व्हर्जन जुळवत बसायला नको. सर्व्हर चालू ठेवून फाईल सेव्ह केली की ब्राउझरमधलं पान लगेच बदलतं. वेगाबद्दल अजिबात तक्रार नाही.

पण मला खरा जीव लागलाय तो कंटेंट फोल्डरला. प्रत्येक पोस्ट म्हणजे एक फाईल, वर तीन डॅश, मग टायटल, तारीख, ड्राफ्ट आहे की नाही, परत तीन डॅश आणि खाली सरळ मजकूर. परवा दुसऱ्याच मशीनवर, जिथे ह्यूगो नाहीच, सगळ्यात जुनी पोस्ट साध्या एडिटरमध्ये उघडली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आरामात वाचली. एखादा शब्द कुठे वापरलाय ते फाईलींत शोधणारी ग्रेप कमांड सांगते, कुठलं वाक्य कधी बदललं ते बदलांची नोंद ठेवणारं गिट सांगतं.

म्हणूनच शॉर्टकोड (मजकुरात महिरपी कंसात लिहायच्या, फक्त ह्यूगोला कळणाऱ्या खुणा) वापरू नका असं कळकळीने सांगतो. मी सुरुवातीला प्रत्येक फोटोला फिगर शॉर्टकोड लावला, आता त्या फाईली ह्यूगोबाहेर उघडल्या की फोटोच्या जागी नुसते महिरपी कंस दिसतात. मार्कडाउनची साधी इमेज लिहा आणि कॅप्शन वगैरे हवं असेल तर टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) रेंडर हुक, म्हणजे इमेजचं एचटीएमएल कसं बनवायचं ते सांगणारी फाईल, करा, मजकूर स्वच्छ राहतो. मजकुरात एचटीएमएलही घुसवू नका, ह्यूगोच्या ०.६० व्हर्जनपासून मार्कडाउनचं एचटीएमएल करणारा गोल्डमार्क डिफॉल्ट झाला आणि तो कच्चं एचटीएमएल गाळून टाकतो, हवंच असेल तर कॉन्फिगमध्ये अनसेफ ट्रू करावं लागतं.

त्रास म्हणाल तर टेम्प्लेटची भाषा. रेंज या यादीतून एकेक गोष्ट घेणाऱ्या लूपच्या आत गेलं की डॉटचा (म्हणजे सध्या हातात असलेल्या गोष्टीचा) अर्थ बदलतो, पानाचं टायटल हवं असेल तर डॉटच्या आधी डॉलर लावायचा, हे डोक्यात बसायलाच मला दोन रात्री लागल्या. आणि व्हर्जन बदलली की जुनी थीम रुसते, एकदा अपडेट केल्यावर माझी साइट बिल्डच होईना, थीम करणाऱ्याने ती कधीच सोडून दिली होती. आता चालणारी बायनरी बॅकअपमध्येच ठेवतो आणि थीम स्वतःची, पाच-सहा टेम्प्लेट फाईलींची.

फोनवरून पटकन पोस्ट टाकायची सवय असेल तर मात्र जड जाईल, माझ्याकडे तरी गिट पुश केल्याशिवाय (बदल सर्व्हरकडे पाठवल्याशिवाय) काही वर जात नाही.