चलानची फाइल उघडली आणि पगाराचे पैसे गेले

जून म्हणजे आमच्याकडे शाळेच्या गणवेशांची धावपळ. सोलापूरच्या साखर पेठेत दादाचं शिलाईचं युनिट आहे. बायका पीसवर काम करतात, शनिवारी पगार होतो. त्या पगाराचे पैसे, दोन लाखांच्या आसपास, शुक्रवारी रात्री खात्यातून गेले. कसे गेले ते सविस्तर लिहिते आहे, कारण अशा फायली अजूनही फिरतायत.

बटणं आणि चेन पुरवणाऱ्या जुन्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या नंबरवरून दादाला व्हॉट्सॲपवर निरोप आला. तुमच्या वाहनावर चलान झालं आहे, तपशील सोबतच्या फाइलमध्ये पाहा. फाइलचं नाव 'आरटीओ चलान', शेवटी 'एपीके', म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये थेट ॲप बसवणारी फाइल. दादाचा टेम्पो रोज गर्दीच्या पेठांतून माल नेतो, त्यामुळे चलान येणं काही नवीन नाही. नंबर ओळखीचा आणि कारण पटण्यासारखं. 'एवढंही कळलं नाही का' असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्यानं हा सापळा रचला त्यानं नेमका हाच विचार केलेला असतो.

फाइलवर बोट ठेवताच फोननं विचारलं, या ठिकाणाहून ॲप घेऊ द्यायचं का? २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी द्यावी लागते. ती व्हॉट्सॲपला दिली की आपण बंद करेपर्यंत चालूच राहते, आणि तिथून येणाऱ्या पुढच्या फाइललाही मोकळी वाट मिळते.

खरी चलाखी त्यापुढे होती. ॲप उघडल्यावर 'अपडेट करा' असं पान आलं, हुबेहूब प्ले स्टोअरसारखं. तेच चिन्ह, तसंच हिरवं बटण. दादाला वाटलं, आपण प्ले स्टोअरवरच आहोत. प्रत्यक्षात ते पान त्याच फाइलचं होतं आणि अपडेटच्या नावाखाली तिच्या पोटातलं दुसरं ॲप फोनमध्ये उतरत होतं. त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली. मग पाचशे रुपये दंड भरायला कार्डाचा तपशील मागितला. कार्डाचा तपशील या पानातून गेला, ओटीपी एसएमएसच्या परवानगीतून गेले. ओटीपीचे मेसेज दादाला दिसलेसुद्धा नाहीत, ते ॲपनं परस्पर पुढे धाडले.

रात्री चुलतभावाचा फोन आला, "काय पाठवलास बे ग्रुपवर?" तेव्हा कळलं की तीच फाइल आता दादाच्या नंबरवरून सगळ्यांना जात होती. व्यापाऱ्याचंही तसंच झालेलं. म्हणून पाठवणारा ओळखीचा आहे, यावरून काहीही ठरवू नका.

यानंतर नात्यातले लोक म्हणू लागले, प्ले स्टोअर सोडून बाकी सगळं खोटं. तसं नाही. सॅमसंगच्या फोनवर गॅलॅक्सी स्टोअर असतं, फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं, आणि मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं एफ-ड्रॉइड २०१० पासून चालू आहे. युरोपात तर २०२४ पासून कायद्यामुळे ॲपललाही आयफोनवर दुसऱ्यांच्या दुकानांना जागा द्यावी लागली. दुकान कुठलंही असो, चालवणारा कुणीतरी असतो, खोटं ॲप सापडलं तर तो काढून टाकू शकतो. नवी पेठेतल्या दुकानातून घेतलेल्या टॉवेलचा रंग गेला तर दुकानदाराला जाऊन विचारता येतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या एपीकेमागे मात्र दुकानही नसतं आणि दुकानदारही. चलान खरं आहे का हे परिवहन खात्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा तपशील टाकून पाहता येतं. त्यासाठी कुणाची फाइल लागत नाही.

आम्ही फोन एअरप्लेन मोडवर टाकला, वहिनीच्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वेळ किती मोलाची ते इथे समजलं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकानं स्वतः तपशील दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आधी फोन लावा, रडायला नंतर वेळ आहे. काही रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, ती परत मिळवायची खटपट चालू आहे. उरलेली दुसरीकडे वळवलेली होती. पगार वहिनीच्या बांगड्या गहाण ठेवून केला.

फोन पूर्ण रीसेट केला, पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदलले. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' असं काहीसं पान असतं. तिथे व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा, आई-वडिलांच्या फोनवरही.

दादाच्या नंबरवरून तुम्हाला चलानची फाइल आली असेल तर ती उघडू नका, पुसून टाका. उघडली असेल तर आत्ताच इंटरनेट बंद करा आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० लावा.