रीफ टँकवरचा निळा एलईडी, सहा महिने वापरून

माझ्या रीफ टँकवर, म्हणजे कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, हा लाईट लावून सहा महिने झाले म्हणून आता लिहितेय, घाईत लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. पहिल्या संध्याकाळी पांढरा चॅनल (पांढऱ्या दिव्यांचा वेगळा संच) बंद करून फक्त निळा ठेवला आणि जे झोअँथस (एक प्रकारचे छोटे कोरल) दिवसा मळकट तपकिरी दिसायचे त्यांची कड एकदम हिरवीगार पेटली, मधलं तोंड केशरी, मी तिथेच खुर्ची ओढून बसले. हा रंग लाईटचा नाही हं, कोरलचाच आहे, त्याच्या अंगात फ्लुरोसंट प्रोटीन असतात, ती 450 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषून घेतात आणि हिरवा नाहीतर लाल करून बाहेर टाकतात, म्हणून निळा चॅनल दमदार हवा आणि इथे तो खरंच जबरदस्त आहे.

पण प्लीज पहिल्याच दिवशी जास्त पॉवर लावू नका. मी 60 टक्क्यांवर सुरू केलं आणि आठवड्याभरात माँटिपोरा (आणखी एक कोरल) कडेने पांढरी पडायला लागली, प्रकाश झेपला नाही की कोरल आतलं शैवाल सोडून देतं, मग 25 वर आणून हळूहळू वाढवत नेलं तेव्हा कुठे रंग परतला. मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ नाही, हे मला अजिबात पटलं नाही. फॅनचा आवाजही रात्री जाणवतो.

फोटो काढायचे असतील तर मोबाईलच्या लेन्सवर केशरी फिल्टर लावा आणि दोन मिनिटं पंप बंद ठेवा, नाहीतर सगळं निळंभोर आणि हललेलं येतं.