एमएस्सीनंतर: पीएचडी की क्लिनिकल रिसर्चची नोकरी?

मायक्रोबायोलॉजी नाहीतर बायोटेकमध्ये एमएस्सी झालं की कोल्हापुरातली पोरं दोन वाटांवर अडकतात: शिवाजी विद्यापीठात पीएचडीला नाव नोंदवायचं, का क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे नव्या औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांच्या (ट्रायलच्या) कामात, नोकरी धरायची?

आधी पैशाचं बोलू, घरी तेच पहिल्यांदा विचारतात. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढं एसआरएफचे (त्याच फेलोशिपचा वरचा टप्पा) ४२,०००, वर घरभाडं. कोल्हापुरात राहून एवढ्यात निवांत भागतं, आणि ट्रायलच्या कामातला नवखा सहसा याहून कमीवरच लागतो. पण फेलोशिप हातात नसेल तर पीएचडीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांत किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा. तीनात सुटणारे थोडेच. केमिकलची ऑर्डर रखडते, उंदरांवर काम असेल तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीची वाट बघा, आणि वय काही थांबत नाही.

बरं, एवढं करून काय व्हायचं? ‘प्राध्यापक’, असं पटकन उत्तर येतं. पण जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरते, पीएचडी ऐच्छिक आहे. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या अभ्यासगटानं २०१२ मध्येच सांगितलं होतं, की विद्यार्थ्यांना प्राध्यापकीबाहेरच्या कामांसाठीही तयार करा. आपल्याकडं ते बहुतेक गाईडच्या मर्जीवर. खरंच संशोधनाचं वेड असेल, पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला, बाहेर जायची तयारी असेल, तर मात्र पीएचडीला पर्याय नाही.

क्लिनिकल रिसर्चमध्ये सुरुवात कोऑर्डिनेटर म्हणून, हॉस्पिटलातच. पेशंटच्या व्हिजिटच्या तारखा सांभाळायच्या, संमतीपत्रातल्या शंकांसाठी नातेवाइकांची डॉक्टरांशी गाठ घालून द्यायची, फायली चोख ठेवायच्या. सहीखाली तारीख राहिली तरी ट्रायल तपासायला येणारा मॉनिटर बोट ठेवतो. कंटाळवाणं वाटेल, पण शिस्त लागते. जीसीपी (ट्रायल नीट चालवायची आंतरराष्ट्रीय नियमावली) आणि २०१९ चे आपल्याकडचे ट्रायलचे नियम पाठच हवेत. जीसीपीचे कोर्स ऑनलाइन फुकटही मिळतात, त्यामुळं लाखभराच्या डिप्लोम्याला भुलू नका. दोनेक वर्षांनी मॉनिटरिंग, डेटा मॅनेजमेंट, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणं) अशा जागा दिसू लागतात, पण त्या बहुतेक पुण्या-मुंबईत.

पीएचडीकडंच ओढा असेल तर नोंदणीआधी गाईडच्या मागच्या पाच विद्यार्थ्यांना फोन लावा. किती वर्षं लागली आणि आज कुठं आहात, एवढंच विचारा.